रजोनिवृत्ती, देह आणि भाषा : 'फेमिनिन फॉरेव्हर' व 'द चेंज' या ग्रंथांची चिकित्सा

प्रास्ताविक

स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबते त्या घटनेसाठी मराठीत अनेक शब्दप्रयोग आहेत. वैद्यकीय पुस्तकात ती 'रजोनिवृत्ती' असते, घरात 'पाळी गेली' असे म्हटले जाते आणि जुन्या पिढीतील स्त्रिया 'आता विटाळ राहिला नाही' अशा नकाराच्या वाटेने तीच गोष्ट सांगत असत. या तिन्ही प्रयोगांत एकच माहिती मिळते, ती म्हणजे रक्तस्राव थांबला. त्याच काळात योनिमार्ग, मूत्रमार्ग, कामेच्छा आणि पतीपत्नींचा शरीरसंबंध यांत काय बदल घडतात, हे सांगणारा रुळलेला शब्द मात्र आढळत नाही. ज्या अनुभवाला शब्द नाही त्याची तक्रार करता येत नाही आणि ज्याची तक्रार होत नाही त्यावर उपचार होत नाहीत. म्हणूनच रजोनिवृत्तीविषयक लेखनाची चिकित्सा ही केवळ वाङ्मयीन हौस ठरत नाही.

या विषयावरील आधुनिक लेखनात परस्परांच्या विरुद्ध टोकाला उभे असलेले दोन ग्रंथ विशेष प्रभावी ठरले. पहिला अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचा 'फेमिनिन फॉरेव्हर' (१९६६) आणि दुसरा ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या स्त्रीवादी विचारवंत जर्मेन ग्रीअर यांचा 'द चेंज' (१९९१). रजोनिवृत्ती हा रोग असून तो औषधाने बरा होतो, असे पहिला ग्रंथ सांगतो. ती एक सुटका आहे आणि तिला औषधाने अडवू नये, असे दुसऱ्याचे प्रतिपादन आहे. या दोन भूमिकांच्या मध्ये शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होणारी आणि लघवीच्या जळजळीने वारंवार त्रस्त होणारी स्त्री नेमकी कोठे उभी राहते, हे प्रस्तुत लेखात पाहिले आहे.

देहात घडते ते काय?

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी देहातील घडामोडी थोडक्यात समजून घेणे क्रमप्राप्त आहे. बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक योनिमार्गाचे अस्तर जाड, लवचीक व ओलसर ठेवते. या अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन साठलेले असते. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू जगतात आणि त्यांच्यामुळे तेथील आम्लता टिकून राहते. इस्ट्रोजेन घटले की ही साखळीच तुटते. अस्तर पातळ होते, ओलावा कमी होतो, आम्लता घटते व जंतुसंसर्गाला वाट मिळते. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भागही याच संप्रेरकावर अवलंबून असल्याने वारंवार लघवीला होणे, घाईची लागणे, जळजळ व पुनःपुन्हा होणारा मूत्रसंसर्ग या तक्रारी उद्भवतात. कोरडेपणामुळे समागम वेदनादायक होतो, वेदनेच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडतात आणि आखडलेल्या स्नायूंमुळे वेदना आणखी वाढते. इच्छा कमी झाली असे ज्याला म्हटले जाते, त्यात पुष्कळदा इच्छेचा दोष नसतो. दुखते म्हणून मन आधीच मागे सरते.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री दरदरून घाम फुटणे या तक्रारी बहुतेक स्त्रियांत काही वर्षांनी ओसरतात. योनिमार्गाच्या व मूत्रमार्गाच्या तक्रारींचे तसे नाही. उपचार न केल्यास त्या तशाच राहतात, किंबहुना वयाबरोबर वाढतात. 'थोडे दिवस सोसा, आपोआप जाईल' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला वाफांच्या बाबतीत बव्हंशी खरा ठरतो, पण या तक्रारींच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चारपाच वर्षे आधीचे मानले जाते. त्यानंतरचे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य या बदललेल्या देहासह काढावयाचे असते.

नावांचा इतिहास

प्राचीन भारतीय वैद्यकाने या वयाची नोंद घेतली होती. सुश्रुतसंहितेत रजःस्रावाची मर्यादा बारा ते पन्नास वर्षे सांगितली असून जरेने पक्व झालेल्या देहात तो क्षीण होतो, असे म्हटले आहे. त्याला तेथे रोग म्हटलेले नाही. दुसरीकडे चरकसंहितेतील वीस योनिव्यापदांत 'शुष्का' नावाची व्यापद येते. म्हणजे कोरडेपणाला शास्त्रात शब्द होता, मात्र तो वयाशी जोडलेला नव्हता. वय एका अध्यायात आणि कोरडेपणा दुसऱ्यात, अशी ही विभागणी आहे. पुढे लोकभाषेत पहिली गोष्ट उतरली, दुसरी उतरलीच नाही.

युरोपात 'मेनोपॉज' ही संज्ञा शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ मध्ये रूढ केली. विसाव्या शतकात मनोविश्लेषणाने तिच्यावर आपली छाया टाकली. फ्रॉइड यांनी १९१३ मधील एका निबंधात प्रजननकार्य संपल्यावर स्त्रीचा स्वभाव भांडखोर व चिडखोर होतो असे मत नोंदविले आणि त्यांच्या शिष्या हेलेन डॉइच यांनी १९४० च्या दशकात या अवस्थेला अंशतः मृत्यूच मानले. सिमोन द बोव्हुआर यांच्या 'द सेकंड सेक्स' (१९४९) या ग्रंथात, जो करुणा गोखले यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांस परिचित आहे, याच निराशेचे सामाजिक कारण शोधले गेले. पुरुष हळूहळू वृद्ध होतो, स्त्रीचे स्त्रीत्व मात्र एकाएकी काढून घेतले जाते आणि तेव्हा तिचे निम्मे प्रौढ आयुष्य उरलेले असते, असे त्यांचे निरीक्षण आहे. बोव्हुआर यांचे निदान डॉइच यांच्यापेक्षा पुष्कळ पुढचे आहे यात शंका नाही. तथापि त्यांनाही या स्त्रीच्या देहातील वेदनेपेक्षा तिच्या आरशातील प्रतिमेची चिंता अधिक वाटते, हे नोंदविणे भाग आहे.

नावांच्या या इतिहासातील अलीकडचा टप्पा २०१४ चा. तोपर्यंत वैद्यकात या तक्रारींना योनीचा 'ऱ्हास' अशा अर्थाची संज्ञा होती. त्या वर्षी दोन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी ती बाजूला सारून रजोनिवृत्तीतील जननमूत्र-लक्षणसमूह अशा अर्थाची नवी संज्ञा स्वीकारली. जुन्या संज्ञेत मूत्रमार्गाचा उल्लेख नव्हता. शिवाय 'ऱ्हास' हा शब्द स्त्रीपुढे उच्चारणे अवघड जाई आणि तपासणी न करताच विषय संपविला जाई. नवा शब्द अवजड आहे हे खरे, पण त्याने डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संकोच थोडा तरी कमी केला.

'फेमिनिन फॉरेव्हर' : पतीच्या मुखातून रुग्णाची कैफियत

विल्सन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा प्रेमारिन हे गर्भार घोडीच्या मूत्रापासून बनविलेले इस्ट्रोजेन अमेरिकेच्या बाजारात येऊन सुमारे पाव शतक लोटले होते. ग्रंथाने त्याला एक तत्त्वज्ञान पुरविले. रजोनिवृत्ती ही संप्रेरकाच्या कमतरतेमुळे होणारी व्याधी होय, मधुमेहीला जसे इन्सुलिन तसे मध्यमवयीन स्त्रीला इस्ट्रोजेन, हा विल्सन यांचा मुख्य सिद्धान्त. ही उपमा मोहक असली तरी सदोष आहे. मधुमेह काहींना होतो, रजोनिवृत्ती जगणाऱ्या प्रत्येक स्त्रीस येते. जी अवस्था सर्वांना येते तिला कमतरता म्हणताना पूर्णत्वाचे माप कोणते धरले, हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते. विल्सन यांनी ते माप न सांगताच गृहीत धरले. तरुण, प्रजननक्षम आणि पतीला आकर्षक वाटणारी स्त्री हेच ते माप होय.

ग्रंथातील एक प्रसंग अनेक समीक्षकांनी उद्धृत केला आहे. एक गुंड प्रवृत्तीचा गृहस्थ डॉक्टरांच्या दवाखान्यात येतो, आपली बायको घरात जीव नकोसा करते असे सांगतो आणि पिस्तूल दाखवून, तिला बरे केले नाही तर आपण तिला ठार मारू असे बजावतो. विल्सन हा प्रसंग रजोनिवृत्तीच्या गांभीर्याचा पुरावा म्हणून सादर करतात. वाचक मात्र थबकतो. येथे उपचाराची गरज नेमकी कोणाला आहे? पिस्तूल पतीच्या हाती आहे आणि इंजेक्शन पत्नीच्या दंडाला. ज्या स्त्रीसंबंधी हे सारे घडते आहे तिला काय होत होते, हे वाचकाला पतीच्या तोंडूनच कळते. ही केवळ एका प्रसंगाची गोष्ट नाही. ग्रंथाची सारी निवेदनपद्धतीच अशी आहे. स्त्रीच्या कोरडेपणाचे, चिडचिडेपणाचे, उदासीनतेचे वर्णन जेथे जेथे येते तेथे त्याचा जाच सहन करणारा म्हणून पती उभा केलेला असतो.

दुसरा नमुना विल्सन यांच्या 'स्त्रीत्व-निर्देशांका'चा. योनिमार्गातील पेशींचा नमुना घेऊन त्यांतील पक्व व अपक्व पेशींचे प्रमाण सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. इस्ट्रोजेनचा परिणाम जाणण्यासाठी ही चाचणी उपयुक्तच आहे. विल्सन यांनी तिच्या आकड्याला स्त्रीत्वाचे माप म्हटले. पेशीच्या पक्वतेवरून स्त्रीच्या स्त्रीपणाचा निकाल लावण्याची ही उडी विज्ञानाची नव्हे, रूपकाची आहे, आणि ती विज्ञानाच्या वेषात घेतली गेल्यामुळे अधिक घातक ठरली.

असे असले तरी विल्सन यांना एका गोष्टीचे श्रेय नाकारता येणार नाही, आणि स्त्रीवादी समीक्षेने ते बहुधा नाकारलेच आहे. योनिमार्गाचा कोरडेपणा, समागमातील वेदना, मूत्रमार्गाच्या तक्रारी या गोष्टी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी उघडपणे मांडल्या. 'हे वयाचे आहे, सोसा' असे सांगणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध त्यांनी हत्यार उपसले होते. त्यांची चूक तक्रार ऐकण्यात झाली नाही. तक्रार कोणासाठी दूर करावयाची याचे उत्तर त्यांनी चुकीचे दिले. स्त्रीला वेदना होऊ नये म्हणून उपचार आणि स्त्रीने उपलब्ध राहावे म्हणून उपचार या दोहोंतील अंतर त्यांना दिसलेच नाही. त्यांच्या संशोधन-प्रतिष्ठानाला औषध कंपन्यांकडून अर्थसाहाय्य मिळत होते, ही बाब नंतर उजेडात आली. मात्र केवळ तेवढ्यावर ग्रंथाचा निकाल लावणे सोपे पडते. पैसा घेतला नसता तरी युक्तिवाद तोच राहिला असता.

औषधाचा चढ-उतार

१९७५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकातील दोन शोधनिबंधांनी केवळ इस्ट्रोजेन घेण्याचा संबंध गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी जोडला आणि विल्सनप्रणीत उत्साहाला पहिला धक्का बसला. त्यानंतर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन देण्याची पद्धत रूढ झाली. दुसरा धक्का जुलै २००२ मधला. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीतील १६,६०८ स्त्रियांचा एकत्रित संप्रेरकांचा भाग सरासरी ५.२ वर्षांनंतर थांबविण्यात आला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण अधिक आढळले होते, तर माकडहाडाजवळच्या खुब्याचे अस्थिभंग ५ ने व मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने कमी आढळला होता. वृत्तपत्रांनी यातील टक्केवारी मोठ्या अक्षरांत छापली, दहा हजारांमागचा आकडा क्वचितच छापला.

या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि औषध तोंडावाटे घेण्याचे होते. योनिमार्गात अल्पमात्रेत लावावयाच्या इस्ट्रोजेनची ती परीक्षा नव्हतीच. हे मलम किंवा गोळी प्रामुख्याने जागेवरच काम करते, रक्तात त्याचा अंश अत्यल्प जातो. तरीही कर्करोग व पक्षाघाताचा तोच ठळक इशारा त्याच्याही वेष्टनावर वर्षानुवर्षे छापला गेला. ज्या स्त्रीने मोठ्या संकोचाने डॉक्टरांना कोरडेपणाबद्दल विचारले, धीर करून औषध विकत आणले, ती घरी येऊन वेष्टन वाचते आणि ट्यूब कपाटात ठेवून देते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे इशारे काढण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासंबंधीचा इशारा, शरीरभर परिणाम करणाऱ्या निव्वळ इस्ट्रोजेनपुरता, कायम ठेवण्यात आला. म्हणजे १९६६ चा अतिरेकी विश्वास आणि २००२ नंतरची अतिरेकी भीती, दोन्हींची किंमत याच एका तक्रारीने मोजली. स्तनकर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र आजही हा निर्णय तिच्या कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो, आणि तिच्यासाठी संप्रेरकरहित वंगण व ओलावा देणारी जेल हाच पहिला मार्ग असतो.

'द चेंज' : सुटकेचे तत्त्वज्ञान आणि त्याची मर्यादा

ग्रीअर यांनी हा ग्रंथ लिहिला तेव्हा त्या स्वतः पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. विल्सन व त्यांच्या अनुयायांची त्यांनी केलेली उलटतपासणी आजही वाचनीय आहे. स्त्रीच्या देहावर अधिकारवाणीने बोलणाऱ्या पुरुष तज्ज्ञांची त्यांनी यथेच्छ टर उडविली असून वृद्ध स्त्रीविषयीच्या सामाजिक तिरस्काराला त्यांनी एक नवे नावच घडवून दिले. या अवस्थेसाठी पाश्चात्त्य समाजात कोणताही संस्कारविधी नाही, आणि अनुभवाचे वर्णन स्त्रियांनीच फारसे केलेले नाही, या त्यांच्या प्रारंभीच्या प्रकरणांतील मुद्द्यांचे महत्त्व निर्विवाद आहे.

ग्रंथाचा उत्तरार्ध मात्र एका दिशेने झुकत जातो. पुरुषाच्या नजरेतून सुटलेली, कामेच्छेच्या ताबेदारीतून मोकळी झालेली, एकान्तात, बागेत, वाचनात रमणारी वृद्धा ही ग्रीअर यांची आदर्श प्रतिमा. शेवटचे प्रकरण प्रशांतता व सामर्थ्य यांचे आहे. वयस्क पत्नीने पतीसाठी कामक्रीडेस सज्ज राहावे या वैद्यकीय उपदेशाला त्यांनी दिलेले प्रत्युत्तर खणखणीत आहे. पण ज्या स्त्रीला सज्ज राहण्याची सक्ती नको आहे आणि कामसुखही गमवावयाचे नाही, तिला या ग्रंथात जागा अपुरी पडते. कोरडेपणा ही गोष्ट ग्रीअर यांच्या युक्तिवादात जवळजवळ निसर्गाने दिलेली रजा ठरते. सायकल चालविताना, खाली बसताना, लघवी करताना त्रास होणारी स्त्री, जिचा समागमाशी त्या क्षणी काही संबंध नाही, ती रजेवर जाऊ शकत नाही. ग्रीअर यांनी देहाला पुरुषापासून सोडविले खरे, पण दुखण्यापासून सोडविले नाही.

भारतीय वाचकाला आणखी एक अडचण जाणवते. ग्रीअर ज्याला मुक्ती म्हणतात ते आपल्याकडे वानप्रस्थाच्या नावाने विहितच होते. सून घरात आली की सासूने शृंगारातून अंग काढून घ्यावे, गडद रंगाची लुगडी टाकावी, नवऱ्याशेजारी झोपणे 'शोभत नाही', असा दंडक महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांत पुष्कळ काळ पाळला गेला. दोन खोल्यांच्या घराने त्याला हातभार लावला. इंग्लंडमधील एकाकी विदुषीने निवडलेली निवृत्ती आणि चाळीतील बेचाळीस वर्षांच्या सासूवर लादलेली निवृत्ती एकच नव्हेत.

या दंडकाची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. स्त्रीने इच्छा धरू नये हे जितके रूढ होते, तितकेच तिने नकार देऊ नये हेही रूढ होते. पतीने जवळ बोलाविले तर जावे, दुखले तरी बोलू नये. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेची जागा घेतली, तरी प्रौढ पत्नीवर पतीने केलेल्या बळजबरीच्या समागमाला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद तिने कायम ठेवला आहे. विल्सन यांच्या ग्रंथात स्त्रीच्या नकाराला जागा नाही, ग्रीअर यांच्या ग्रंथात तिच्या इच्छेला पुरेशी नाही, आणि मराठी कुटुंबव्यवस्थेने तर दोन्हींना एकाच वेळी दार बंद केले होते.

मौनाचे वाचन

'हे पाश्चात्त्य स्त्रियांचे लाड आहेत, आपल्याकडे असले काही नसते' हा युक्तिवाद विद्वत्सभांतही ऐकू येतो. त्याला आधार म्हणून मार्शा फ्लिंट यांच्या १९७५ मधील निबंधाचा हवाला दिला जातो. राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ राजपूत स्त्रियांशी बोलून, पाळीतील बदलांखेरीज फारच थोड्या स्त्रियांना त्रास जाणवल्याचे त्यांनी नोंदविले. पाळी गेल्यावर या स्त्रियांना पडद्याबाहेर येता येई, पुरुषांच्या बैठकीत बसता येई, म्हणून तेथे रजोनिवृत्ती हे शासन नसून पारितोषिक होते, असे त्यांचे अनुमान. सामाजिक प्रतिष्ठेचा अनुभवावर परिणाम होतो, हे त्यातील सत्य मान्य करावयास हवे. परंतु पडद्यात आयुष्य काढलेली स्त्री परक्या अभ्यासिकेला डोके दुखते असे एक वेळ सांगेल. समागमात दुखते असे सांगेल काय? न सांगणे म्हणजे नसणे, हे समीकरण येथे गृहीत धरले गेल्याचा संशय येतो.

मार्गारेट लॉक यांचा 'एन्काउंटर्स विथ एजिंग' (१९९३) हा ग्रंथ या दृष्टीने अधिक सावध आहे. जपानी स्त्रिया वाफांची तक्रार कमी करतात आणि खांदे आखडण्याची अधिक, 'कोनेन्की' ही जपानी संकल्पना केवळ पाळी थांबण्यापुरती नसून बदलत्या वयाचा दीर्घ काळ दर्शविते, हे दाखविताना त्यांनी भाषा आणि देह दोन्ही बदलते असू शकतात, ही शक्यता खुली ठेवली. स्त्रीच्या शब्दांना त्यांनी पाश्चात्त्य यादीत बसविले नाही.

मौनाचा अर्थ कसा लावावा याचे सर्वांत भक्कम उदाहरण मात्र महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला निबंध १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रीरोगविषयक तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, तपासणीत रोग आढळलेल्या ९२ टक्के आणि यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. हा अभ्यास रजोनिवृत्तीचा नव्हता, त्यातील बरेचसे आजार संसर्गाचे होते, हे खरे. पण ५५ आणि ९२ यांमधील दरी फ्लिंट यांच्या निष्कर्षाशेजारी ठेवून पाहिली की 'आपल्याकडे असले काही नसते' या वाक्याचा पाया डळमळतो. राणी बंग यांच्या 'कानोसा' या मराठी ग्रंथाचे मोल याच कारणाने वाढते. तेथे स्त्रियांना आधी त्यांच्या शब्दांत बोलू दिले आहे. अंगावरून जाणे, मायांग बाहेर येणे, ओटीपोटात कळ येणे हे शब्द वैद्यकीय परिभाषेची गावठी रूपे नव्हेत. तक्रार सुरू होते ती तेथूनच.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले ते याच संदर्भात पाहावे लागते. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवराबायको मिळून मोजला जाणारा एक कोयता, एक दिवस चुकला तरी भरावा लागणारा खाडा, फडात आडोसा नाही आणि पाणी नाही, अशा स्थितीत पांढरे जाण्याची वा अतिरक्तस्रावाची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या कित्येक तरुण स्त्रियांना 'पिशवी' काढण्याचा सल्ला मिळाला. पिशवी ठेवली तर कर्करोग होईल अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. साधारण सहा स्त्रियांमागे एक.

या प्रकरणावरील चर्चेचा भर शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, पैसा कोणी कमावला, मुकादमाचा दबाव होता काय, यांवर राहिला आणि ते योग्यच होते. परंतु पिशवी काढल्यानंतरच्या देहाविषयी त्या चर्चेत फार थोडे बोलले गेले. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात घटते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत जो बदल काही वर्षांत हळूहळू होतो, तो येथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो. बीजकोश ठेवले तरी ते लवकर निकामी होण्याचा संभव वाढतो. तिशीतील स्त्रीला साठीचा योनिमार्ग, पातळ होत जाणारी हाडे आणि वारंवार होणारी उन्हाळी लागते, आणि तिचा नवरा तिशी-पस्तिशीचाच असतो. तिला संप्रेरकांची गरज विल्सन यांच्या ब्रुकलिनमधील कोणत्याही गृहिणीहून अधिक आहे. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, अन्य अडचण नसल्यास, तिला ती द्यावीत हेच आजचे वैद्यकीय मत आहे. तिच्या हाती मात्र शस्त्रक्रियेच्या बिलाखेरीज दुसरा कागद क्वचितच असतो. बीजकोश काढले की ठेवले, एवढी साधी माहितीही पुष्कळ स्त्रियांना देता येत नाही, कारण दोन्हींना त्यांच्या बोलीत 'पिशवी' हा एकच शब्द आहे.